देऊनही न संपणाऱ्या पेशी

घरात कुणाचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट, म्हणजे मज्जा प्रत्यारोपण, करायचं ठरलं की आधी सख्ख्या भावंडांची तपासणी होते. मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता प्रत्येक भावंडामागे चारात एक. एखाद्याची जुळली की आनंदाबरोबर घरात एक भीतीही शिरते: याची मज्जा काढून त्याला दिली, तर याला पुढे कमी पडायची नाही ना?

या भीतीचं उत्तर मज्जेतच आहे. तांबडी पेशी जेमतेम 120 दिवस जगते, प्लेटलेट आठ-दहा दिवस. ही झीज भरून काढायला शरीर दर सेकंदाला सुमारे 20 लाख तांबड्या पेशी घडवतं. या सगळ्यांच्या मुळाशी असतात त्या रक्ताच्या मूलपेशी, आणि त्या फार थोड्या. 59 वर्षांच्या एका निरोगी माणसाच्या रक्ताचा जनुकीय माग काढून 2018 साली जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्यानुसार त्याचं रक्त 50 हजार ते 2 लाख मूलपेशींच्या जिवावर चाललं होतं.

अशी पेशी असते, हे कळलं टोरांटोत. जेम्स टिल हे भौतिकशास्त्राकडून जीवशास्त्रात आलेले, तर अर्नेस्ट मॅकलॉक डॉक्टर. किरणोत्साराने मज्जा नष्ट केलेल्या उंदरांना ते दुसऱ्या उंदरांची मज्जा टोचत होते. दहाएक दिवसांनी उंदरांच्या प्लीहेवर गाठी दिसू लागल्या. जितक्या पेशी जास्त टोचाव्या तितक्या गाठी जास्त. साधारण 10 हजार पेशींमागे एक. हे 1961 साली छापून आलं. एकेक गाठ एकाच पेशीपासून वाढली असेल का? त्यांचा विद्यार्थी अँड्र्यू बेकर याने किरणांनी गुणसूत्रांवर खुणा उमटवल्या आणि 1963 साली दाखवून दिलं की एका गाठीतल्या सगळ्या पेशींवर खूण एकच असते. गाठीत मात्र तांबड्या पेशींचीही घडण चाललेली, पांढऱ्यांचीही. त्याच वर्षी हेही दिसलं की काही गाठींतल्या पेशी नव्या उंदराला टोचल्या तर पुन्हा गाठी येतात. म्हणजे ही पेशी रक्त घडवते आणि स्वतःसारखी दुसरी पेशीही मागे ठेवते. पुढे कळलं की त्या गाठींचं मूळ बहुतेकदा मूलपेशीच्या एक-दोन पायऱ्या खालच्या पेशीत होतं. पण तत्त्व टिकलं, आणि आजची सारी मज्जा प्रत्यारोपणं त्यावरच उभी आहेत.

बहुतेक मूलपेशी एरवी पेरणीसाठी राखलेल्या बियाण्यासारख्या निवांत असतात. ते गरजेचंच आहे, कारण प्रत्येक विभाजनात डीएनएची नक्कल करताना चूक होऊ शकते. चुका साठत गेल्या की उतारवयात एखाद्याच पेशीचा वंश माजतो, आणि त्यातून पुढे रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी 1983 साली देशातलं पहिलं यशस्वी मज्जा प्रत्यारोपण केलं. या उपचारात मोठी चिरफाड नसते. मूलपेशी रक्तासारख्या शिरेतून सोडतात. मज्जेतून येणाऱ्या रासायनिक खुणेचा माग काढत त्या हाडापर्यंत आपल्या आपण पोचतात. मला या साऱ्या विज्ञानात याहून विलक्षण काही वाटत नाही. दोन-चार आठवड्यांत नवं रक्त दिसू लागतं. दात्याचा रक्तगट वेगळा असेल, तर कालांतराने रुग्णाचाही तोच होतो.

दात्याच्या पाठीच्या कण्याला कुणी हात लावत नाही. मज्जा घेतात ती भूल देऊन, कमरेच्या हाडातून. नाहीतर चार-पाच दिवस इंजेक्शनं देऊन मूलपेशी रक्तात आणतात आणि हाताच्या शिरेतून यंत्राने वेगळ्या करतात. काही दिवस हाडं किंवा कंबर दुखते. दिलेला वाटा काही आठवड्यांत भरून निघतो.

भावंडांत जुळणारा दाता न मिळालेली थॅलेसेमियाची आणि ल्युकेमियाची कितीतरी मुलं नोंदणीतल्या अनोळखी दात्याची वाट पाहत असतात. नोंदणीला गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा पुरतो. तरुण वाचकांनी नाव जरूर नोंदवावं, पण घरच्यांशी बोलून, पक्कं ठरवून. कारण पेशी देण्याआधीच्या दिवसांत रुग्णाची स्वतःची मज्जा औषधांनी संपवलेली असते. त्या वेळी दाता मागे फिरला तर रुग्णाच्या जिवावर बेतू शकतं.