पाठांतराला न जुमानणारे क्यूब

३.०५ सेकंदांत क्यूब सुटल्याची एप्रिल २०२५ची बातमी सर्वांनी वाचली. तो वेग थक्क करणाराच आहे. पण या खेळातली बुद्धी जोखायची असेल, तर घड्याळ बाजूला ठेवून हाताने घडवलेल्या, वेड्यावाकड्या आकाराच्या क्यूबांकडे वळायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. इंग्लंडच्या टोनी फिशर यांनी १९८०च्या दशकात केलेला ‘फिशर क्यूब’ घ्या. आतली यंत्रणा नेहमीच्या ३×३×३ क्यूबचीच, बाहेरचा घन मात्र तिच्याभोवती ४५ अंशांत वळवलेला. त्यामुळे मधल्या थरातले मध्य तुकडे उभ्या कडांवर येतात आणि कडेचे तुकडे सपाट होऊन बाजूंच्या मध्यभागी बसतात. साध्या क्यूबवर शेवटी एकच कडेचा तुकडा उलटा उरणं अशक्य. उलटे तुकडे नेहमी जोडीनेच राहतात. फिशर क्यूबवर मात्र एकच उलटा दिसतो आणि पाठ केलेले फॉर्म्युले हात टेकतात. नियम मोडलेला नसतो. जोडीदार तुकडा बाजूच्या मध्यभागी असतो आणि एकरंगी असल्यामुळे उलटा झाला तरी ओळखू येत नाही. हे ज्याला स्वतःहून सुचलं, त्याला क्यूब कळला.

घडवणाऱ्याची परीक्षा याहून कठीण. बाहेरचा थर ४५ अंश फिरला की कोपऱ्याचा तुकडा घनाबाहेर झुकतो. थराची जाडी बाजूच्या साधारण १४.६ टक्क्यांहून कमी असेल, तर तो पूर्ण बाहेर पडतो आणि त्याला धरून ठेवायला आत काहीच उरत नाही. सहा समान थर चालतात, सात चालत नाहीत, ते यामुळेच. नेदरलँड्सचे ऑस्कर व्हॅन डेव्हेंटर यांनी २०११मध्ये त्रिमितीय छपाईतून १७×१७×१७ क्यूब साकारला, तेव्हा बाहेरचे थर मुद्दाम जाड ठेवले.

वेगवान खेळाडूही विचार करतात, हा आक्षेप रास्त आहे. एक तुकडा बसवताना त्यांची नजर पुढचा शोधत असते. पण ती वाट बहुतांशी आधीच कुणीतरी आखून दिलेली असते. महागड्या छपाईचा आक्षेप मात्र टिकत नाही. स्वस्तातला क्यूब, एम-सीलसारखी पुट्टी, कानस आणि पॉलिश पेपर एवढ्यावर शाळकरी मुलंही आकार बदलू शकतात. पुट्टी फक्त बाहेरच्या पृष्ठभागावर चढवायची, थरांमधल्या फटीत जाऊ द्यायची नाही आणि सुकल्यावर प्रत्येक थर पूर्ण फिरवून कुठे घासतंय ते पाहायचं. शाळांच्या क्यूब स्पर्धांत या कामाला वेगाइतकेच गुण असायला हवेत.