घटक ३ : क्लच घसरण्याचे निदान – तक्रारीपासून कारणापर्यंत

३.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला
- मोटारसायकलचा क्लच घसरणे म्हणजे काय, हे स्पष्ट करता येईल.
- क्लच घसरणे आणि त्यासारखे भासणारे इतर दोष यांतील फरक सांगता येईल.
- सोप्या कारणाकडून अवघड कारणाकडे जाणारा तपासणीचा क्रम मांडता येईल.

३.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मुंबईहून नाशिककडे जाताना कसारा घाटाचा चढ लागतो. मागे सहप्रवासी आणि दोन्ही बाजूंना सामान घेतलेली आपली मोटारसायकल हा चढ चढत आहे, अशी कल्पना करा. आपण मूठ पिळता, इंजिनाचा आवाज चढतो. गाडी मात्र त्या प्रमाणात पुढे सरकत नाही. मागून ट्रक जवळ येत असतो. पुढे गॅरेजमध्ये पोहोचल्यावर आपण सांगता, “गाडी ओढत नाही.”

हे वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. चाकाला घासणारा ब्रेक, तुंबलेला एअर फिल्टर आणि घसरणारा क्लच या तिन्ही दोषांना ते सारखेच लागू पडते. अपुऱ्या वर्णनावरून नको तो भाग बदलला जातो. पैसे खर्च होतात आणि दोष तसाच राहतो. म्हणून निदानाची पहिली पायरी म्हणजे अचूक निरीक्षण व त्याचे अचूक कथन होय.

३.२ विषय-विवेचन

३.२.१ क्लचचे कार्य

इंजिनाची शक्ती गिअरपेटीकडे पोहोचवणे आणि गरजेनुसार ती तोडणे, हे क्लचचे काम. बहुतेक मोटारसायकलींत हा क्लच इंजिनाच्या तेलातच बुडालेला असतो. त्यात घर्षणाचा थर असलेल्या प्लेट आणि साध्या पोलादी प्लेट एकाआड एक बसवलेल्या असतात. पहिल्या इंजिनाबरोबर फिरतात, दुसऱ्या गिअरपेटीच्या दांड्याबरोबर. स्प्रिंगांच्या दाबामुळे त्या एकमेकींना घट्ट चिकटतात व एकत्र फिरतात. लीव्हर दाबला की हा दाब निघतो आणि त्या सुट्या होतात.

लीव्हर सोडलेला असतानाही प्लेट एकमेकींवरून सरकत राहिल्या, तर त्या अवस्थेस ‘क्लच घसरणे’ म्हणतात. याउलट, लीव्हर पूर्ण दाबूनही प्लेट सुट्या होत नसतील, तर गाडी पुढे सरकू पाहते व गिअर अडतात. बोलताना दोन्हींना ‘क्लच खराब’ असेच म्हटले जाते; परंतु हे परस्परविरुद्ध दोष आहेत.

३.२.२ लक्षण आणि चाचणी

क्लच घसरण्याचे मुख्य लक्षण एकच : इंजिनाचे फेरे आणि गाडीचा वेग यांचा मेळ सुटणे. हे लक्षण प्रथम वरच्या गिअरमध्ये, चढावर दिसते. तेथे गाडी सहजी वेग घेत नाही, त्यामुळे इंजिनाचा पूर्ण जोर क्लचला सतत पेलावा लागतो. सामानाच्या ओझ्याने इंजिनाचा कमाल जोर वाढत नाही. पण तो अधिक वेळ वापरावा लागतो. म्हणूनच शहरात निर्दोष वाटणारा क्लच लांबच्या प्रवासात उघडा पडतो.

मोकळ्या, सरळ आणि कोरड्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये मध्यम वेग स्थिर ठेवा आणि मूठ हळूहळू पूर्ण उघडा. फेरे झपाट्याने वाढले आणि वेग मागे राहिला, तर क्लच घसरत आहे. फेरेही वाढत नसतील, तर क्लचऐवजी इंजिन किंवा ब्रेक तपासावा. झटके व खडखडाट जाणवल्यास साखळी आणि तिची दातेरी चाके पाहावीत. फेरे दाखवणारा काटा नसल्यास कानावर भिस्त ठेवावी लागते.

३.२.३ कारणांचा शोध

१. केबल : लीव्हरला थोडी ढिलाई असावी लागते. अनेक गाड्यांत ती लीव्हरच्या मुळाशी २ ते ३ मिलिमीटर सांगितलेली असते. नेमके माप आपल्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. ढिलाई शून्य असेल, तर केबल लीव्हर अर्धवट दाबल्यासारखे काम करते. घर्षण-प्लेट झिजतात तशी बहुतेक केबलच्या क्लचमध्ये ही ढिलाई कमी होत जाते. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही ती तपासावी.

२. चालवण्याची सवय : लीव्हरवर सतत बोटे टेकवणे आणि घाटातील कोंडीत अर्ध्या क्लचवर गाडी रेटणे यांमुळे प्लेट तापतात व लवकर झिजतात.

३. तेल : मोटारींच्या काही तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. ती इंजिनाला उपकारक, पण तेलात बुडालेल्या क्लचला अपायकारक ठरू शकतात. अशा क्लचसाठी डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ हा दर्जा पाहावा. ‘एमबी’ दर्जाचे तेल कमी घर्षणाचे असल्याने ते टाळावे.

४. प्लेट आणि स्प्रिंग : वरील बाबी ठीक असतील, तरच झाकण उघडावे. प्लेटची जाडी व स्प्रिंगांची लांबी मोजून माहितीपुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावी. पोलादी प्लेटवरील निळसर डाग अतिउष्णतेची खूण होय.

हा क्रम महत्त्वाचा आहे. ढिलाई पाहण्यास खर्च येत नाही, तर प्लेट बदलण्यास बराच येतो. शिवाय केबल ताणलेली राहिली, तर नव्या प्लेटही घसरून जळतात.

प्रवासात दोष आढळल्यास ढिलाई नीट करावी, ओझे कमी करावे, मूठ हळुवार पिळावी आणि जवळचे गॅरेज गाठावे. घसरणे न थांबल्यास घाट चढण्याचे धाडस करू नये.

३.३ सारांश

फेरे वाढणे पण वेग न वाढणे, हे क्लच घसरण्याचे निर्णायक लक्षण आहे. केबल, सवय, तेल आणि शेवटी प्लेट व स्प्रिंग, या क्रमाने कारण शोधावे. “चौथ्या गिअरमध्ये चढावर फेरे वाढतात, वेग वाढत नाही, लीव्हरला ढिलाई नाही,” असे सांगणारा ग्राहक निम्मे निदान स्वतःच करून आलेला असतो.

३.४ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. क्लच घसरणे आणि क्लच न सुटणे यांतील फरक स्पष्ट करा.
२. शहरात न जाणवणारा दोष घाटात का जाणवतो?
३. प्लेट बदलण्यापूर्वी केबल तपासणे का आवश्यक आहे?

३.५ उपक्रम

आपल्या परिसरातील एखाद्या मेकॅनिकला भेटा. ग्राहक तक्रार कोणत्या शब्दांत सांगतात, हे विचारून अशी पाच वाक्ये नोंदवा. प्रत्येक वाक्यातून नेमके काय कळत नाही, ते लिहा.