पहिले तीन दिवस निभावले की

सिगारेट ओढली तरी तलफ जाते आणि नाही ओढली तरीही ती जातेच. सरकारी दवाखान्यातल्या तंबाखूमुक्ती केंद्रात समुपदेशक बाईंनी पहिल्याच भेटीत मला हे सांगितलं. पुढे एकेक दिवस काढत गेलो, तसं ते पटत गेलं. आज कोणी बिडी-सिगारेट सोडायची म्हणून माझ्याकडे विचारायला आलं, तर मी इथूनच सुरुवात करतो.

मी एसटीत चालक होतो. कोल्हापूर-रत्नागिरी हा माझा नेहमीचा मार्ग. गाडीत ओढायची नाही, त्यामुळे ओढणं थांब्यांवर वाटलं गेलं होतं. कोल्हापुरात गाडी फलाटाला लावण्याआधी एक, मलकापूरला चहाबरोबर एक, आंबा घाट उतरून साखरप्याला एक आणि रत्नागिरीच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या एक. हे वेळापत्रक एसटीचं दिसत असलं, तरी त्यात निकोटीनचा वाटा मोठा होता.

झुरका घेतल्यावर काही सेकंदांत निकोटीन मेंदूत पोचतं आणि बरं वाटतं. पण रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं. मेंदूला त्याची सवय झालेली असते. पातळी उतरली की जीव कासावीस होतो, चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही. मग पुढची सिगारेट पेटते आणि आपण म्हणतो, ओढल्यावर डोकं शांत झालं. खरं तर आधीच्या सिगारेटनं लावलेली अस्वस्थताच पुढची सिगारेट तेवढ्यापुरती घालवते. रात्रभर काही ओढलेलं नसतं, म्हणून सकाळची पहिली सिगारेट सगळ्यात गोड लागते. बिडीचंही तेच. तिच्यात तंबाखू कमी असते, पण ती विझू नये म्हणून सारखे झुरके मारावे लागतात. निकोटीन आणि कार्बन मोनॉक्साइड शरीरात जायचं ते जातंच.

सोडायचा दिवस आधी ठरवावा, असं बाईंनी सांगितलं. मी साप्ताहिक सुट्टीचा दिवस धरला आणि त्याला जोडून रजा टाकली. लक्ष लागत नसताना पन्नास माणसं घेऊन घाटात जायचं नव्हतं. आदल्या रात्री घरातली पाकिटं, लायटर आणि अ‍ॅशट्रे बाहेर काढले. खाकी शर्टाच्या खिशातली काडेपेटीसुद्धा ठेवली नाही. बायकोला सांगितलं, गाडीवरच्या कंडक्टरला सांगितलं आणि मलकापूरच्या चहावाल्यालाही सांगून ठेवलं, की मी मागितली तरी देऊ नका. गुपचूप सोडणाऱ्याला गुपचूप पुन्हा सुरू करणं फार सोपं जातं. चार माणसांना ठाऊक असलं की ती चार माणसं आपल्या बाजूनं उभी राहतात.

पहिल्या दिवशी शरीर आपल्या आधी कामाला लागतं. शेवटच्या सिगारेटनंतर वीस मिनिटांत नाडीचे ठोके आणि रक्तदाब उतरू लागतात. साधारण बारा तासांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड नेहमीच्या पातळीवर येतो. हा वायू रक्तात प्राणवायूची जागा अडवून बसतो, तो गेला की हृदयावरचा ताण हलका होतो. आपल्याला मात्र यातलं काही जाणवत नाही. जाणवतात ते रिकामे हात.

दुसरा आणि तिसरा दिवस सगळ्यात जड. निकोटीन सुटल्याचा त्रास बहुतेकांना याच दिवसांत टिपेला पोचतो. मला घरातल्या भांड्यांचा आवाजसुद्धा सहन होईना. झोप मोडायची, भूक सारखी लागायची, पोट साफ होत नव्हतं. काहींना तोंड येतं, काहींचा खोकला उलट वाढतो. घाबरू नये, हा त्रास तात्पुरता असतो. तीन-चार आठवड्यांत बराचसा ओसरतो. पाणी भरपूर प्यावं, जेवणात पालेभाजी, काकडी, पेरू ठेवावा आणि रोज चालावं, म्हणजे पोटाची तक्रारही कमी होते. खोकल्यातून रक्त पडलं, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर मात्र थेट डॉक्टर गाठावा. बायको म्हणाली, "चिडा हवं तेवढं, पण पाकिटाला हात लावू नका." त्या तीन दिवसांत तिनं माझं एकही बोलणं मनावर घेतलं नाही. ज्यांच्या घरात कोणी सोडतंय, त्यांनी एवढं केलं तरी निम्मा भार उचलला जातो.

आता चहाचं. सिगारेटच्या धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफीनचा निचरा भराभर करतं. धूर बंद झाला की तो वेग मंदावतो. म्हणजे कप तेवढेच राहिले, तरी कॅफीन अंगात जास्त वेळ आणि जास्त प्रमाणात राहतं. छाती धडधडते, हात थरथरतात, झोप उडते आणि माणसाला वाटतं, सिगारेट सोडल्यामुळेच हे होतंय. चहा-कॉफी निम्म्यावर आणावी. मी काही दिवस चहाची जागाही बदलली. टपरीवर उभं न राहता गाडीतच बसून ताक प्यायचो. याच कारणानं मानसिक आजाराची काही औषधंही धूर बंद झाल्यावर अंगात जास्त साठू शकतात. अशी औषधं चालू असतील, तर सोडण्याआधी डॉक्टरांना सांगावं.

तलफ एका वेळी फार टिकत नाही, बहुतेकदा काही मिनिटंच. बाई म्हणाल्या, "मामा, घड्याळ बघा आणि पाच मिनिटं दुसरं काहीतरी करा." मी गाडीभोवती फेरी मारायचो, टायर बघायचो, घोट घोट पाणी प्यायचो, बडीशेप चावायचो. नाकानं सावकाश श्वास घेऊन तोंडानं त्याहून सावकाश सोडायचो. मुक्कामी गाडीवर रात्री झोप येत नसली, की कंडक्टरशी बोलत बसायचो. पाच मिनिटांनी पुन्हा घड्याळ बघितलं, की तलफ उतरलेली असायची. ती पुन्हा यायची, पण दोन तलफांमधलं अंतर वाढत गेलं. आयुष्यभर ओढायची नाही, हा विचार पहिल्या आठवड्यात पेलत नाही. ही पाच मिनिटं ओढायची नाही, एवढं मात्र कुणालाही जमतं.

सिगारेट सुटली म्हणून मावा, गुटखा किंवा चुना-तंबाखू धरू नये. निकोटीन तेच आणि तोंडाच्या कर्करोगाची भीती वर. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, तर चघळायची किंवा लावायची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. आपल्याकडे तंबाखूची पुडी पुढे करणारा हात कायम जवळ असतो, म्हणून हे बजावून सांगतो.

काही माणसं म्हणतात, मनाचा निश्चय पाहिजे, औषधं कशाला. त्यांना मी घाटाचं सांगतो. आंबा घाट उतरताना चालक सगळा भार ब्रेकवर टाकत नाही. सतत दाबलेले ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची, इंजिननं तिला धरायचं आणि ब्रेक लागेल तिथंच वापरायचा. निश्चय हा ब्रेक आहे. आधी केलेली तयारी, घरच्यांची साथ आणि औषधं हा गिअर.

औषधांत निकोटीनचं च्युइंगम आणि पट्टी आहे. त्यातून निकोटीन हळूहळू मिळतं, पण डांबर आणि धूर नाही, म्हणून त्रास सुसह्य होतो. २०२२ साली केंद्र सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही या उपचाराचा समावेश झाला. हे च्युइंगम साध्यासारखं चघळायचं नसतं. सावकाश चावायचं, जिभेला झिणझिण लागली की थांबायचं आणि गाल व हिरडीच्या मध्ये ठेवायचं. झिणझिण गेली की पुन्हा चावायचं. चघळण्याआधी पंधरा मिनिटं आणि चघळताना चहा-कॉफी नको. भराभर चावलं तर उचकी लागते, मळमळतं आणि माणूस ते फेकून देतो. दोन मिलिग्रॅम आणि चार मिलिग्रॅम अशी दोन मापं मिळतात. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल, तर बहुधा चारचं माप लागतं. ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावं. हृदयविकार असेल किंवा बाई गरोदर असेल, तर सल्ल्याशिवाय काहीच घेऊ नये. व्हॅरेनिक्लिन आणि ब्युप्रोपिऑन या गोळ्याही आहेत, पण त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच.

समुपदेशन फोनवरही मिळतं. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती मदतवाहिनी मे २०१६ मध्ये दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये सुरू झाली. क्रमांक १८००-११२-३५६. फोनला पैसे पडत नाहीत. हाच क्रमांक २०१८ पासून सिगारेटच्या पाकिटावर छापला जातो. पाकीट फेकण्याआधी तेवढा टिपून ठेवावा.

एखाद्या मयतीला, लग्नाच्या वरातीत किंवा भांडणानंतर कुणी एक ओढून बसलं, तर सगळं बुडालं असं मानू नये. पाकीट तिथंच टाकावं, कोणत्या प्रसंगी हात गेला ते लक्षात ठेवावं आणि त्या प्रसंगाची पुढच्या वेळेसाठी तयारी करावी. पुष्कळ माणसांना पहिल्याच वेळी कायमचं सुटत नाही. पुन्हा तारीख धरणाऱ्याला सुटतं.

आता वय झालं, सोडून काय उपयोग, असंही म्हणतात. ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून पन्नास वर्षं डॉक्टरांचीच पाहणी केली. साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांना सुमारे तीन वर्षांचं आयुष्य जास्त मिळालं, पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा, चाळिशीत सोडणाऱ्यांना नऊ आणि तिशीत सोडणाऱ्यांना दहा. साठीच्या माणसाला तीन वर्षं म्हणजे नातवाची शाळा बघणं आहे, शेतातली तीन पिकं आहेत.

म्हणून माझं एवढंच मागणं आहे. पुढच्या आठवड्यातला एक दिवस ठरवा. कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करा, घरात एकाला सांगा आणि मदतवाहिनीला फोन लावा. पहिले तीन दिवस जड जातील, हे आधीच धरून चाला. मात्र प्रत्येक वेळी तलफ काही मिनिटांत उतरणार आहे. तेवढी मिनिटं काढा.