मुरलीपुऱ्यातली मीटरगेज

एकट्या माणसाला जिन्यावरून उतरवता आली पाहिजे आणि ई-रिक्षात मावली पाहिजे, एवढीच लघुरेल्वेची पेटी करायची हे आधी ठरलं. बाकीचं सगळं त्यातून निघालं. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद अशा दोन पेट्या. एकीत छोटं स्टेशन, दुसरीत रेताड माळ आणि टेकडीमागे दडवलेले दोन फाटे. एवढ्या जागेत गाडी गोल फिरत नाही. ती येते, थांबते, इंजिन सुटतं, दुसऱ्या रुळावरून मागच्या टोकाला येऊन लागतं आणि गाडी परत निघते. गोल गोल पळणाऱ्या गाडीपेक्षा मला हेच जास्त आवडतं.

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. तो १:८७ प्रमाणातला, एका जागी कायमचा मांडलेला संसार. भाड्याच्या घरात राहणाऱ्याने मात्र उचलून नेता येईल असाच खेळ मांडावा.

जयपूरच्या मुरलीपुऱ्यात राहून रेल्वे करायची तर ती इथलीच करावी. ढहर का बालाजी स्टेशन जवळच आहे. तिथून जाणारी जयपूर-रींगस-सीकर ही मीटरगेज लाइन २०१६ मध्ये बंद झाली आणि २०१९ मध्ये त्याच मार्गावर ब्रॉडगेज सुरू झाली. माझ्या पेटीत धावते ती आधीची. तयार मिळणारा एन गेजचा रूळ ९ मिलिमीटरचा असतो. मीटरगेजचे १००० मिलिमीटर त्याने भागले की प्रमाण निघतं १:१११. साडेएकोणीस मीटरचा डबा मग साडेसतरा सेंटिमीटरचा होतो. या रुळाचे स्लीपर मीटरगेजला शोभत नाहीत, पण रेताड मुलखातल्या लाइनीवर ते निम्मे वाळूखालीच असतात, तेव्हा मीही ते वाळूत गाडले.

मोटर आणि चाकं घरी होत नाहीत, ती विकतच घ्यावी लागतात. बाकी सामान आसपास पडलेलं असतं. शेजारच्या विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीतल्या भंगारात प्लायचे तुकडे मिळतात. फ्रिजच्या खोक्यातला थर्मोकोल टेकडीला पुरतो. टाकून दिलेल्या संगणकाचा पॉवर सप्लाय बारा व्होल्ट देतो आणि या मोटरींना तेवढेच लागतात. इथल्या लग्नपत्रिका जाडजूड. त्यांच्या पुठ्ठ्याचे डबे होतात. खिडक्यांना नव्या शर्टाच्या कॉलरमधलं पारदर्शक प्लास्टिक. त्यावर सुईने आडव्या रेघा ओरखडायच्या, रंग फासायचा आणि लगेच पुसून घ्यायचा. ओरखड्यात राहिलेला रंग गजांसारखा दिसतो. संक्रांत झाली की जयपुरात गच्च्यांवर फाटक्या पतंगांचा खच पडतो. त्यांच्या कामट्यांचे तारांचे खांब आणि फलाटाचं कुंपण झालं.

वाळूचं काम सावकाश करण्याचं. ती आधी चहाच्या गाळणीतून गाळायची, कढईत कोरडी भाजायची, मग कागदावर पसरून वरून लोहचुंबक फिरवायचा. चुंबकाला काळी बुकटी चिकटून येते. ती राहिली तर इंजिनाच्या मोटरीत जाऊन बसते, म्हणून चुंबक कोरा निघेपर्यंत थांबायचं नाही. वाळू रुळांमध्ये पसरून कोरड्या ब्रशने सारखी केली की तिच्यावर साबणाच्या पाण्याचा फवारा मारायचा. साबण नसेल तर फेव्हिकॉलचं पाणी वर गोळा होऊन राहतं आणि वाळू विस्कटतं. साबण असेल तर ते थेंबाथेंबाने आत झिरपतं. जयपूरच्या कोरड्या हवेत सकाळपर्यंत सगळं घट्ट.

खरी कसोटी दोन पेट्यांच्या सांध्याची. तिथे रूळ केसभर सरकला तरी इंजिन घसरतं. जुन्या खिडकीच्या बिजागऱ्या घेतल्या, त्यांची खीळ काढली आणि एकेक पान एकेका पेटीला ठोकलं. खीळ घातली की पेट्या जागच्या जागी येतात. मग प्रत्येक पेटीच्या कडेला, रुळाच्या बरोबर खाली, पितळी स्क्रू पिळायचे, थोडे फिरवून उंची जमवायची. रूळ दोन्ही पेट्यांवरून अखंड टाकायचा, स्क्रूंना डाख द्यायचा आणि सगळ्यात शेवटी बारीक करवतीने तो सांध्यावर कापायचा. आधी कापून मग जुळवत बसलं तर कधीच जुळत नाही. कापताना राहणारी फटही कामाची, कारण इथे हिवाळ्यातली रात्र आणि मेमधली दुपार यांत चाळीस अंशांचा फरक पडतो आणि तेवढ्याने मीटरभर निकेल-सिल्व्हरचा रूळ अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वाढतो.

झाडांसाठी विकतची हिरवी फोमची झाडं मी घेतली नाहीत. त्यांचा हिरवा या मुलखाचा नाही. अंगणातल्या वाळलेल्या तुळशीचं खोड उपटून उलटसुलट पाहिलं की त्यात खेजडी दिसते. खेजडी म्हणजे आपली शमी. इथे पाल्यासाठी तिच्या फांद्या छाटतात, त्यामुळे ती वर ठेंगणी, गाठाळ राहते. तुळशीच्या फांद्या तशाच छाटायच्या आणि रांगोळीच्या रंगात घोळलेला लाकडाचा भुसा अगदी विरळ चिकटवायचा.

शेजारचे ताऊजी या लाइनीवरून नोकरीला जात असत. त्यांनी पेटी बराच वेळ न्याहाळली आणि विचारलं, "प्याऊ कुठंय?" स्टेशनवर पाण्याचे माठ नाहीत, हे मला कुणी एरवी सांगितलं नसतं. चार मिलिमीटरचा धण्याचा दाणा या प्रमाणात घरातल्या माठाएवढा होतो. गेरू लावलेले धणे आता खेजडीच्या सावलीत, काडीच्या घडवंचीवर ओळीने बसले आहेत.

आता सिग्नल बाकी आहे. रिफिलच्या नळीचा खांब, थंड पेयाच्या डब्याच्या पत्र्याचा हात आणि तो हलवायला पेटीच्या पोटातून जाणारा दोरा. दोरा सांधा ओलांडणार नाही असा बसवायचा, म्हणजे पेट्या सोडवताना त्याला हात लावावा लागणार नाही. म्हणून सिग्नल स्टेशनच्या पेटीतच, सांध्यापासून चार बोटं अलीकडे उभा राहील.