फटफटीची राखण

वस्तू मिळविणे जितके कष्टाचे, तितकेच ती राखणे दक्षतेचे काम आहे. मोटारसायकल ही आज केवळ चैनीची वस्तू राहिलेली नाही. कोणी तिच्यावरून दूध घालतो, कोणी पाव विकतो, कोणी दूरच्या गावची नोकरी गाठतो. ती चोरीस गेली म्हणजे नुसते वाहन जात नाही. घरातील मिळकत थांबते, आणि कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. म्हणून तिच्यासाठी साखळी व कुलूप कसे निवडावे, याविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

आमच्या आळीतील एका दूधवाल्याची गाडी गेल्या पावसाळ्यात अंगणातून नाहीशी झाली. त्याने बाजारातून चांगली जाड साखळी आणली होती. सकाळी पाहतो तो साखळी जशीच्या तशी खाली पडलेली. एकाही दुव्यास ओरखडा नाही. तिला लावलेले लहानसे स्वस्त कुलूप तेवढे तुटलेले होते. चोर जाड भागाशी झुंजत बसत नाही; जो भाग दुबळा दिसेल तोच प्रथम गाठतो. तेव्हा पहिला नियम हा की, कुलूप साखळीच्याच तोलाचे असावे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कुलूप चोरी अशक्य करीत नाही. ते चोराचा वेळ खाते. लंडन येथे ब्रामा यांच्या दुकानाच्या खिडकीत एक कुलूप मांडून ते उघडणारास २०० गिनींचे बक्षीस लावले होते. साठ वर्षे ते कोणास उघडले नाही. शेवटी १८५१ साली हॉब्ज नावाच्या अमेरिकन कारागिराने ते उघडले. पण त्यास सोळा दिवसांत मिळून ५१ तास खर्चावे लागले. इतका अवकाश कोणत्या चोरास मिळणार? इंग्लंडात १९९२ साली निघालेली 'सोल्ड सिक्युअर' ही संस्था चोरांच्याच हत्यारांनी कुलपे तोडून पाहते आणि ती किती वेळ टिकली यावरून त्यांस प्रती ठरवून देते. कुलपाचे खरे माप मिनिटांत असते, ते असे.

आता साखळीकडे वळू. साधे लोखंड करवतीने सहज कापले जाते. म्हणून साखळी पाणी दिलेल्या पोलादाची हवी. मात्र पोलाद आरपार कठीण केले तर ते काचेप्रमाणे ठिसूळ होते व हातोड्याच्या घावाने फुटते. याकरिता चांगल्या साखळीचा पृष्ठभाग कठीण व गाभा चिवट ठेवितात. दुकानदाराच्या संमतीने दुव्यावर कानस घासून पाहावी. वरचा मुलामा गेल्यावर कानस न चावता घसरू लागली तर पोलाद कठीण आहे असे समजावे. जाडीही पाहावी. दहा-बारा मिलिमीटरचा दुवा लांब दांड्यांच्या कात्रीने तुटू शकतो; सोळा मिलिमीटरचा दुवा हाताने चालविण्याच्या कात्रीस सहसा दाद देत नाही. परंतु अशा साखळीचे वजन दर मीटरला पाच किलोंहून अधिक भरते. ती घरी ठेवावी, आणि प्रवासात हलके कुलूप न्यावे. विजेवर फिरणाऱ्या ग्राइंडरपुढे कोणतीच साखळी कायमची टिकत नाही. तथापि त्याचा कर्कश आवाज शेजाऱ्यांस जागे करतो, हाही एक लाभच होय.

उत्तम साखळीही चुकीच्या जागी बांधली तर व्यर्थ जाते. पुढचे चाक काढता येते. म्हणून साखळी गाडीच्या सांगाड्यातून, ते न जमल्यास मागच्या चाकातून ओवावी, आणि भिंतीत पक्क्या बसविलेल्या कड्यास अथवा खांबास जखडावी. ती जमिनीवर लोळू देऊ नये. कारण मग कात्रीचा एक दांडा जमिनीस टेकवून दुसऱ्यावर सारा भार देता येतो, व हातोड्यासही ऐरण आयतीच मिळते. हॅन्डलचे कुलूप अवश्य लावावे, पण ते जोराच्या हिसड्याने मोडते हे विसरू नये. डिस्क लॉक चाक फिरू देत नाही. परंतु दोघे-तिघे मिळून गाडी उचलून टेम्पोत घालू लागले तर त्याचा उपयोग नाही. शिवाय ते काढावयाचे विसरून गाडी चालू केली तर स्वार आपटतो; त्याकरिता हॅन्डलपर्यंत एक रंगीत दोरी बांधून ठेवावी.

एवढे करूनही गाडी गेलीच, तर कागदपत्रेच कामास येतात. इंजिन व चासीचे क्रमांक घरी टिपून ठेवावेत आणि तक्रार तत्काळ नोंदवावी. कायद्याने सक्तीचा असलेला तृतीय पक्षाचा विमा चोरीची भरपाई देत नाही, हेही वेळीच जाणून घ्यावे.

आमच्या दूधवाल्याने चार महिने सायकलीवरून रतीब घातला व मग जुनी गाडी घेतली. आता त्याच्या अंगणातील भिंतीत लोखंडी कडे बसविले आहे. साखळी तीच जुनी आहे. कुलूप मात्र नवे, आणि त्या साखळीला शोभेल असे आहे.