डिस्क रिकामी, तरी लिनक्सला जागा नाही?

विंडोज १० चं नियमित पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ला संपलं आणि चांगले चालणारे जुने संगणक लिनक्सच्या वाटेला लागले. जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीत, बसवताना काही अडलं तर मशीन घेऊन कोल्हापूरला सुमारे १८ किलोमीटर उतरायचं. बहुतेक वेळा त्याची गरज नसते. अडवतात ते गैरसमज.

सगळ्यात मोठा गैरसमज: ‘सी ड्राइव्हमध्ये १०० जीबी मोकळे आहेत, म्हणजे लिनक्सला जागा आहे.’ ती जागा विंडोजच्या ताब्यात असते. लिनक्सला हवा असतो कुणाच्याच नावावर नसलेला भाग. म्हणून विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन सी ड्राइव्ह आकसावा आणि सुटलेली जागा तशीच ठेवावी. तिथे नवा ड्राइव्ह बनवला की ती पुन्हा विंडोजकडेच जाते. त्याआधी ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावं. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्सला त्या ड्राइव्हमध्ये सुरक्षितपणे बदल करता येत नाहीत. बिटलॉकर असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्यावी. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर चारच प्रायमरी भाग मावतात. चारही भरलेले असतील तर २०० जीबी मोकळे असूनही पाचवा होत नाही. आणि डिस्कच दिसत नसेल, तर ती बिघडली असं धरू नका. अनेक इंटेल लॅपटॉपांत बायोसमधलं ‘आरएसटी’ सेटिंग तिला झाकून ठेवतं.

किती जागा लागते? लिनक्स मिंट किमान २० जीबी मागतं, पण १०० जीबी द्यावी असं तेच सुचवतं. २० जीबीत बसवलेली यंत्रणा अपडेट आणि जुन्या कर्नलांनी लवकर भरते. माझ्या मते ५० जीबीच्या खाली जाऊच नये.

दुसरा गैरसमज: ‘इंटरनेटशिवाय लिनक्स बसत नाही.’ उबंटू, मिंट, डेबियनच्या पूर्ण आकाराच्या फायलीतून नेटशिवायही बसतं. अपडेट नंतर घेता येतात.

‘वाय-फाय दिसत नाही, म्हणजे कार्ड गेलं’ हेही सहसा खोटं. बहुधा फर्मवेअर नसतं. ब्रॉडकॉमच्या कार्डांचा हा जुना त्रास. डेबियनने २०२३च्या १२व्या आवृत्तीपासून असं बरंचसं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच दिलं आहे. फर्मवेअर मिळेपर्यंत अँड्रॉइड फोन केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करा, बहुतेक वेळा वेगळा ड्रायव्हर लागत नाही. मात्र चैत्र यात्रेत लाखो भाविक डोंगरावर असताना मोठं अपडेट काढू नका, टॉवरवर आधीच ताण असतो.

नेट जोडलेलं आहे, पण साइट उघडत नाहीत? आधी घड्याळ बघा. मदरबोर्डवरचा सेल संपला की तारीख मागे जाते आणि सुरक्षित जोडणी नाकारली जाते. हा सेल बदलणं स्वस्तातलं काम आहे.

डिस्कच्या भागांना हात लावण्याआधी दुकानाचे हिशेब आणि घरचे फोटो वेगळ्या डिस्कवर काढून ठेवा, आणि ती प्रत उघडते का हे त्याच दिवशी पाहा.