लघुरेल्वेचा पाया, काटकसरीने
वाशीच्या शेजारच्या बार्शीला १८९७ मध्ये अवघ्या ७६२ मिलिमीटर रुंदीच्या मार्गावरून रेल्वे आली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी चाकांच्या प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ दिला नाही. त्यामुळे हलके, स्वस्त रूळ पुरले. घरी तिची प्रतिकृती उभारतानाही भार समान वाटावा. लाकडी खोक्यांच्या वाळलेल्या पट्ट्यांची चौकट करून दर ३० सेंटिमीटरवर आडवी पट्टी द्यावी व वर ९ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड स्क्रूने बसवावे. ओल शोषून पाया वाकला, की रुळांचे सांधे सरकतात आणि गाडी घसरते; म्हणून खालची बाजूही रंगवावी. १:८७ या प्रमाणात ९ मिलिमीटर रुंदीचा मार्ग चालतो, वळणे थोड्या जागेत बसतात. काटकसर आकारात करावी, चौकटीत नव्हे.